दोनच प्रश्न, आणि घोट्याबद्दल विचारायचं नाही

डेडलाइन

गेल्या महिन्यातली गोष्ट. सामना संपून अर्धा तास झाला होता आणि मी मिक्स्ड झोनमध्ये उभा होतो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रेसिंग रूमपासून बसपर्यंतच्या वाटेवर कमरेएवढा कठडा लावलेला असतो. पलीकडून खेळाडू जातात, अलीकडे आम्ही फोन पुढे करून ताटकळत असतो. ज्याला थांबावंसं वाटतं तो थांबतो, बाकीचे कानाला हेडफोन लावून निघून जातात. त्या हेडफोनमधून बहुतेकदा काहीच वाजत नसतं, हे आता सगळ्यांना कळलंय.

एकोणीस वर्षांचा मुलगा आला. सोबत टीमची मीडिया मॅनेजर. तिच्या फोनवर स्टॉपवॉच चालू. म्हणाली, "दोनच प्रश्न, आणि घोट्याबद्दल विचारायचं नाही." शेवटची वीस मिनिटं पोरगा लंगडत होता, हे अख्ख्या स्टेडियमने पाहिलं होतं. मी दोन प्रश्न विचारले. उत्तरं आली: "आम्ही प्रक्रियेवर लक्ष देतोय" आणि "टीमसाठी योगदान देता आलं याचा आनंद आहे." पन्नास सेकंदांत विषय संपला.

प्रेस रूममध्ये येऊन लॅपटॉप उघडतोय तर शेजारच्याने फोन पुढे केला. त्याच पोराचं इन्स्टाग्राम. घोट्याला बर्फाची पिशवी, मागे हळुवार संगीत आणि खाली लिहिलेलं, की सहा आठवडे दुखतंय, कोणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगतोय. तासाभरात लाखभर बदाम पडले. मला जे विचारायची बंदी होती ते त्याने जगाला स्वतःहून सांगितलं होतं. मग मीही इतर सगळ्यांसारखं ते इन्स्टावरून उचललं, 'सोशल मीडियावर म्हटले आहे' असं जोडलं आणि बातमी पाठवली.

क्रीडापानावर मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही खेळाडूंच्याच बसमधून जायचो, त्यांच्याच हॉटेलात उतरायचो. कोण झोपत नाहीये, कोणाचं घरी बिनसलंय, हे न विचारता कळायचं. ते दिवस फार सोन्याचे होते असं म्हणत नाही. त्या दोस्तीपायी आम्ही कितीतरी गोष्टी दाबल्या, ज्या छापायला हव्या होत्या. पण समोरचं पोरगं माणूस म्हणून माहीत असायचं. आता मला त्याच्या घोट्याचा फोटो माहीत आहे, तो माहीत नाही.

तर इथल्या मंडळींना विचारायचं होतं. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूंनी आमच्याशी बोलणं जवळपास सोडलंय. त्यात नुकसान आहे का? असलं तर कोणाचं? फक्त आमचंच असेल तर तसं सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

---

निव्वळ प्रेक्षक

स्पष्ट सांगतो, डेडलाइन साहेब. फक्त तुमचंच.

मी सामन्यानंतरची पत्रकार परिषद शेवटची कधी पाहिली आठवत नाही. "आज कसं वाटतंय?" या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नसतं. त्यापेक्षा अश्विनचं यूट्यूब लावतो. तो चेंडू त्याने तसा का टाकला हे निवांत समजावून सांगतो, आणि ते कोणाच्या 'सूत्रांच्या हवाल्याने' नसतं. खेळाडूला दुकान थाटायला आता तुमच्या ओट्याची गरज उरलेली नाही, एवढंच झालंय.

आणि हे कालपरवाचं नाही. अमेरिकन बास्केटबॉलवाल्या लेब्रॉन जेम्सने २०१० मध्ये आपण कोणत्या संघात जाणार हे सांगायला टीव्हीवर स्वतःचा तासाभराचा कार्यक्रमच लावला होता. बेसबॉलवाल्या डेरेक जीटरने २०१४ मध्ये निवृत्त झाल्या झाल्या द प्लेयर्स ट्रिब्यून हे संकेतस्थळ काढलं, जिथे खेळाडू स्वतःच्या नावाने लिहितात. २०१६ मध्ये बास्केटबॉलच्या केविन ड्युरंटने संघ बदलल्याची बातमी तिथेच दिली. वार्ताहरांना ती इतरांबरोबरच वाचायला मिळाली.

---

कोपरखळी

लेब्रॉनच्या त्या कार्यक्रमानंतर लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या होत्या, हेही लिहा की. दुकान स्वतःचं असलं म्हणून माल खपतोच असं नाही.

---

बॅकहँड

हा विषय निघाला की ओसाकाचं नाव येणारच, तर नीट सांगूनच टाकते, कारण अर्धवट आठवणीवर लोक फार भांडतात.

मे २०२१. टेनिसपटू नाओमी ओसाका २३ वर्षांची, जागतिक क्रमवारीत दुसरी, चार ग्रँड स्लॅम खिशात. फ्रेंच ओपनच्या आधी तिने जाहीर केलं की या स्पर्धेत पत्रकार परिषदा घेणार नाही, दंड होईल तो भरीन. नियमाप्रमाणे दंड २०,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. पहिली फेरी जिंकून ती बोलायला गेली नाही, १५,००० डॉलर दंड झाला. तिथवर ठीक होतं. पण चारही ग्रँड स्लॅमनी मिळून पत्रक काढलं, की असंच चाललं तर स्पर्धेतून बाद करू आणि पुढच्या स्पर्धांतही बंदी येऊ शकते. दुसऱ्या दिवशी तिने माघार घेतली आणि तेव्हा सांगितलं, की २०१८ च्या यूएस ओपनपासून नैराश्याचे लांबलचक झटके येताहेत.

मधल्या काळात स्पर्धेच्या अधिकृत ट्विटर खात्याने काय करावं? पत्रकारांशी बोलणाऱ्या इतर खेळाडूंचे फोटो टाकून टोमणा मारला, की यांना आपलं काम कळलंय. मग ते काढून टाकलं. एका २३ वर्षांच्या मुलीला उत्तर द्यायला स्पर्धा स्वतःच ट्रोल बनली.

मला त्या प्रकरणातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडेही पुष्कळांनी लिहिलं, "एवढे पैसे मिळतात, चार प्रश्न झेपत नाहीत?" मी स्वतः राज्य पातळीपर्यंत टेनिस खेळले. तिथे ना कॅमेरे ना पैसे. तरी हरल्यानंतर वीस मिनिटांत कोणी "काय चुकलं?" विचारलं की त्याच्या डोक्यात रॅकेट घालावीशी वाटायची. विचारणारे बहुतेकदा माझे बाबाच असत, म्हणून वाचले.

---

तिसरा पंच

बॅकहँड, तपशील बरोबर, पण पुढचंही सांगा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिनसिनाटीत एका पत्रकाराने तिला विचारलं, की आमच्याशी बोलायला तुम्हाला आवडत नाही, पण तुमचे इतर उद्योग तर माध्यमांच्याच व्यासपीठावर चालतात, याचा मेळ कसा घालता? ती टाळून गेली नाही. प्रश्न पुन्हा विचारायला लावला, विचार करून उत्तर दिलं, आणि नंतर तिला रडू आलं. तिच्या एजंटने त्या पत्रकाराला 'गुंड' म्हटलं.

तो प्रश्न दुष्ट होता का? सूर चढा होता, मान्य. पण प्रश्न रास्त होता. ज्या प्रसिद्धीवर प्रायोजक मिळतात ती हवी, आणि ती ज्या माणसांनी केली ते नकोत, हे दोन्ही एकदम चालतं का?

---

बॅकहँड

चालतं. दाराशी दूधवाला येतो म्हणून तो स्वयंपाकघरात येऊन बसत नाही.

---

कोपरखळी

+१. आणि मार्शॉन लिंचला विसरू नका. अमेरिकन फुटबॉलवाला. न बोलल्याबद्दल २०१४ मध्ये १,००,००० डॉलर दंड झाला. मग जानेवारी २०१५ मध्ये सुपर बोलच्या माध्यम दिनाला आला, बसला आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "दंड होऊ नये म्हणून आलोय." एकोणतीस वेळा! नियम पाळला, कोणाला शिवी दिली नाही, आणि पत्रकार परिषद नावाच्या गोष्टीचं त्याहून चांगलं परीक्षण कोणी केलेलं नाही. (हलके घ्या.)

---

साइडलाइन

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहावंच लागतंय. डेडलाइन, तुमच्या गोष्टीतली स्टॉपवॉचवाली बाई मी नाही, पण माझं काम तेच आहे. एका व्यावसायिक संघाची माध्यमं सांभाळते. आठ वर्षं झाली.

पहिली गोष्ट. तो बर्फाच्या पिशवीचा रील पोराने 'स्वतःहून' टाकला असं तुम्ही धरून चाललायत. मी सांगते तो कसा तयार झाला असेल. फिजिओच्या टेबलावर टीमच्या कंटेंटवाल्या मुलाने शूट केला. मजकूर एजन्सीने लिहिला. 'सहा आठवडे' हा आकडा डॉक्टरला विचारून घातला. 'आज तुम्हाला सांगतोय' हे वाक्य माझ्यासारख्या कोणीतरी वाचून ठीक म्हटलं. आणि घोट्याबद्दल तुम्हाला विचारू दिलं नाही, कारण रील आधीच ठरला होता. बातमी तुमच्याकडून गेली असती तर रील शिळा झाला असता.

त्याचा आवाज तुमच्याकडून काढून घेतला, खरं. पण त्याच्या हातात दिलेला नाही.

दुसरी गोष्ट, पोरांना आम्ही काय शिकवतो. खोटी पत्रकार परिषद घेतो, अगदी कॅमेरा लावून. मी वार्ताहर होते आणि मुद्दाम घाणेरडे प्रश्न विचारते. तंत्र तीन पायऱ्यांचं असतं. प्रश्न ऐकल्याचं दाखवा, मग पूल बांधा, मग आपल्याला जे सांगायचंय ते सांगा. "हो, निकाल निराशाजनक आहे, पण महत्त्वाचं म्हणजे…" हा 'पण महत्त्वाचं म्हणजे' आमचा पूल. सतरा वर्षांचा मुलगा महिन्याभरात हे इतकं सफाईने करायला लागतो की कधीकधी माझ्याच अंगावर काटा येतो. परवा एकाला जेवलास का म्हणून विचारलं तर म्हणाला, "पोषणाकडे आमचं पूर्ण लक्ष आहे." चेष्टेत म्हणाला, पण म्हणाला.

हे का करतो? माझ्या दुसऱ्याच वर्षी एका मुलाने मुलाखतीत सांगितलं होतं, "लहानपणी मला या खेळाचा कंटाळा यायचा, बाबा ओढत न्यायचे, मग एक दिवस प्रेमातच पडलो." छान, माणसासारखं उत्तर. एका वाहिनीने "मला या खेळाचा कंटाळा यायचा" एवढाच तुकडा कापला आणि त्या दिवशीच्या पराभवाच्या दृश्यांवर चिकटवला. चार दिवस त्याच्या आईला शिव्यांचे मेसेज येत होते. तुकडा कापणाऱ्याने फोनवर मला सांगितलं, "मॅडम, वाक्य तर त्याचंच आहे ना." तेव्हापासून मी स्टॉपवॉच लावते.

---

निव्वळ प्रेक्षक

ताई, बाकी पटलं. पण तो रील खरा नसेल तर आम्ही बदाम कशाला दिले?

---

साइडलाइन

घोटा खरा होता हो.

---

तिसरा पंच

मला या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय असं वाटतं. आपण सगळे सामन्यानंतरच्या दहा मिनिटांवर बोलतोय. क्रीडा पत्रकारिता म्हणजे तेवढीच नव्हे.

इंडियानापोलिस स्टार नावाचं एक शहरी वृत्तपत्र आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी छापलं, की अमेरिकेची जिमनॅस्टिक्स संघटना प्रशिक्षकांविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पोलिसांपर्यंत न नेता दाबून ठेवते. त्या लेखात संघाच्या डॉक्टरचं, लॅरी नासरचं, नावही नव्हतं. पण रेचल डेनहॉलंडर या माजी जिमनॅस्टने तो लेख वाचला आणि वृत्तपत्राला ईमेल केली, की माझ्यावर अत्याचार करणारा प्रशिक्षक नव्हता, डॉक्टर होता. सप्टेंबरमध्ये ती नावानिशी पुढे आली. मग एकामागून एक शेकडो जणी. जानेवारी २०१८ मध्ये नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. यातल्या बहुतेक जणी अत्याचार झाला तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. संघटनेच्या अधिकृत खात्यावर हे कधी आलं असतं? संघटनेचा रील कसा असता, साइडलाइनताई सांगतीलच.

आता गंमत बघा. हेच वृत्तपत्र. एप्रिल २०२४. केटलिन क्लार्क, वय २२, कॉलेजच्या बास्केटबॉलमधून नुकतीच व्यावसायिक झालेली, पहिलीच पत्रकार परिषद. इंडियानापोलिस स्टारचा एक ज्येष्ठ स्तंभलेखक तिच्याकडे बघून हातांनी बदामाचा आकार करतो. ती तो सामन्यानंतर घरच्यांना करून दाखवते. मग म्हणतो, हे मला करून दाखवायला लागलीस तर आपलं छान जमेल. बापाच्या वयाचा माणूस, भर सभेत, सगळे कॅमेरे चालू. त्याने लेखी माफी मागितली, दोन आठवडे निलंबनही झालं.

एकाच छताखालची दोन्ही उदाहरणं. म्हणून 'माध्यमं नकोत' म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठली? आणि 'माध्यमं हवीत' म्हणणाऱ्यालाही तेच विचारतो.

---

बॅकहँड

हा प्रतिसाद वाचून खूप वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक थर असतो. जानेवारी २०२४ मध्ये बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने, तेव्हा वय १८, नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या स्पर्धेनंतर इन्स्टावर लिहिलं होतं, की प्रेक्षक माझा खेळ सोडून कपडे, केस, उच्चार यांवर बोलतात. दीड वर्षाने ती महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. सांगायचं हे, की तिची ती तक्रार कोणत्याही वार्ताहराने तिला विचारून बाहेर काढलेली नव्हती. स्वतःचं खातं होतं म्हणून ती आली. तिथे निव्वळ प्रेक्षक यांचा मुद्दा मान्य करावाच लागतो.

---

मधलीसुट्टी

माझी मुलगी १६ वर्षांची, जलतरणात आहे, या वर्षीपासून तिला मानधनाचा करार मिळालाय. म्हणजे कागदोपत्री व्यावसायिक. आई म्हणून चार ओळी लिहिते.

आमच्याकडे मिक्स्ड झोन वगैरे नसतो. पाण्यातून बाहेर आली, श्वास लागलेला, टॉवेलही अंगावर नाही, आणि तीन जण फोन घेऊन समोर. त्यांतला एकही कुठल्या वृत्तपत्राचा नव्हता. एकाचं चॅनेल होतं, एकाचं पेज होतं, तिसऱ्याचं काय होतं ते अजून कळलं नाही. "चौथी आलीस, कुठे कमी पडलीस?" ती रडली. तो रडण्याचा व्हिडिओ तिच्या सगळ्या पदकांपेक्षा जास्त पाहिला गेलाय.

गेल्या वर्षी मात्र एक जुने वार्ताहर आले होते. त्यांनी आधी मला विचारलं, बोलू का. मग तिच्याशी बोलताना वही बाहेर काढली. फोन नाही. पंधरा मिनिटं विचारत होते की उडी घेताना ती कशाकडे बघते. छापून आलं ते पाच ओळीच. ते कात्रण तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

तुम्ही सगळे 'माध्यमं' हा एकच शब्द वापरताय. माझ्या मुलीच्या लेखी वहीवाले काका आणि फोनवाली तीन पोरं एकच, कारण दोघांनाही 'मीडिया' म्हणतात. ती आता दोघांशीही बोलत नाही.

---

डेडलाइन

मधलीसुट्टी ताई, तुमच्या या वाक्याने माझी झोप उडवली.

एक कबुली देतो. नोकरीतलं दुसरं-तिसरं वर्ष असेल. सतरा वर्षांच्या एका पोराने शेवटच्या षटकात सोपा झेल सोडला आणि संघ हरला. मी डेस्कवर होतो, रात्रीचे साडेअकरा, पान सोडायला दहा मिनिटं. मी मथळा दिला: 'हातातला विजय हातूनच सांडला'. खाली त्याचा फोटो, डोकं दोन्ही हातांत धरलेलं. मथळ्यात यमक नसलं तरी ठेका होता, संपादक खूश झाले.

अकरा-बारा वर्षांनी एका समारंभात तो भेटला. खेळ केव्हाच सुटलेला, बँकेत नोकरी. मी नाव सांगितलं, तो हसला आणि मथळा जसाच्या तसा म्हणून दाखवला. फोटो कोणत्या बाजूला होता तेही सांगितलं. रागावला नव्हता. हात मिळवून जेवायला गेला. मला मात्र त्या रात्री आपण दिलेले बाकीचे मथळे आठवेनात.

तेव्हा निदान असं होतं, की दुसऱ्या दिवशी तो पेपर रद्दीत जायचा. आता काहीच रद्दीत जात नाही.

---

कोपरखळी

मथळ्यांवरून आठवलं. डिसेंबर २०१८. इंग्लंडचा फुटबॉलपटू रहीम स्टर्लिंग याला सामन्यात प्रेक्षकांनी शिवीगाळ केली, त्याच्या चोविसाव्या वाढदिवशीच. दुसऱ्या दिवशी त्याने इन्स्टावर एकाच वृत्तपत्राचे दोन मथळे शेजारीशेजारी लावले. त्याच्याच मँचेस्टर सिटीतले दोन कोवळे खेळाडू, दोघांनी आईसाठी घर घेतलेलं. गोऱ्या फिल फोडेनच्या मथळ्यात आईसाठी घर घेतल्याचं कौतुक. काळ्या टोसिन अदाराबायोच्या मथळ्यात पगाराचा आकडा आणि प्रीमियर लीगचा एकही सामना सुरुवातीपासून न खेळता केवढी ही उधळपट्टी, असा सूर. घर तेच, आई तीच. स्टर्लिंगने दोन्ही शेजारी ठेवले आणि खाली लिहिलं, की सगळ्या खेळाडूंना सारखी संधी द्या. त्याच्यानंतर इंग्लंडमधल्या कित्येक क्रीडा संपादकांना आपलेच जुने अंक काढून बसावं लागलं असणार.

स्वतःचं खातं असण्याचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

---

तिसरा पंच

मान्य. पण त्याच खात्याच्या खाली काय येतं तेही बघा. जुलै २०२१, युरो चषकाची अंतिम लढत, इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांचे पेनल्टी हुकले. साका तेव्हा १९ वर्षांचा. त्या रात्री या तिघांच्या खात्यांवर वंशद्वेषी घाण ओतली गेली. त्याच्या अडीच महिने आधीच इंग्लिश फुटबॉलने याच कारणासाठी चार दिवस समाजमाध्यमांवर बहिष्कार टाकला होता. टेनिसमध्ये २०२४ सालात ४५८ खेळाडूंना मिळून सुमारे ८,००० शिवीगाळीचे, धमकीचे जाहीर संदेश गेले, आणि त्यातले ४० टक्के पैज हरलेल्यांचे होते. डब्ल्यूटीए आणि आयटीएफ या टेनिसच्या संघटनांनीच हे आकडे प्रसिद्ध केलेत. म्हणजे वार्ताहर परवडला. तो निदान पैसे लावून आलेला नसतो.

पैशाचं निघालंय तर आणखी एक. सामना संपल्यावर खेळाडू आधी कोणाकडे जातो? प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या वाहिनीकडे. घामाघूम असतानाच, मैदानाच्या कडेला. मग इतर वाहिन्या, मग पत्रकार परिषद, आणि लिहिणारा माणूस शेवटी, कठड्याशी. तिथवर येईपर्यंत पोरगं तेच वाक्य चारदा बोललेलं असतं. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे अमेरिकेतल्या मोठ्या लीगनी ड्रेसिंग रूमची दारं वार्ताहरांना बंद केली आणि सगळं झूमवर गेलं. पुढे दारं उघडली, पण एक पिढी झूमवरच वाढली होती. आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपला क्रीडा विभागच बंद करून खेळाचं काम विकत घेतलेल्या द ॲथलेटिक या क्रीडा संकेतस्थळाकडे दिलं. जिथे विभागच उरत नाही तिथे कोण कोणाच्या बसमधून जाणार?

हक्क घेतलेल्यांची हाव कुठवर जाते हेही पाहिलंय आपण. मे २०२४ मध्ये रोहित शर्मानेच एक्सवर लिहिलं, की मित्रांशी, सहकाऱ्यांशी चाललेलं प्रत्येक बोलणं कॅमेरे टिपताहेत, आवाज बंद करा म्हणून विनवलं तरी. वाहिनीने ते नाकारलं. त्याचा आवाज मोठा म्हणून निदान चर्चा झाली. पहिल्या मोसमातल्या पोराने कोणाला विनवायचं?

---

निव्वळ प्रेक्षक

एक प्रामाणिक शंका. भाषेचं काय? जुलै २०१८ मध्ये हिमा दास, वय १८, विश्व कनिष्ठ स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण जिंकली, जागतिक स्पर्धेत ट्रॅकवर कोणाही भारतीयाला तोवर न मिळालेलं. आणि त्याच स्पर्धेत तिच्या उपांत्य फेरीनंतर आपल्याच ॲथलेटिक्स महासंघाने ट्विट केलं होतं की इंग्रजी तितकंसं अस्खलित नाही, पण प्रयत्न छान केला. लोक तुटून पडले तेव्हा माफी मागितली. तुमचं ते पूल बांधणं वगैरे इंग्रजीतच शिकवतात ना?

---

साइडलाइन

सुरुवातीला हो. आता नाही. माझा अनुभव असा, की मुलगा स्वतःच्या भाषेत बोलला की पूल आपोआप कोसळतो आणि खरं काहीतरी बाहेर येतं. माझ्या वरिष्ठांना नेमकी याचीच भीती वाटते.

मधलीसुट्टी यांचं वहीवाले काका वाचून मी एक करून पाहिलं, ते सांगते. आमच्या तीन नव्या पोरांना आणि चार वार्ताहरांना एका खोलीत बसवलं. कॅमेरा नाही, रेकॉर्डर नाही, प्रायोजकांच्या छोट्या छोट्या लोगोंचा तो मागचा पडदाही नाही. अट एकच, आज यातलं काही छापायचं नाही. पहिली दहा मिनिटं पोरं पडद्याशिवाय कुठे बघायचं हेच शोधत होती. एकाने चक्क "प्रक्रिया" म्हटलं आणि सगळे हसले. मग एका वार्ताहराने विचारलं, की तुमच्याबद्दल आम्ही लिहिलेलं तुम्ही वाचता का? तिघंही नाही म्हणाले. आणि मग तिघांनीही एकेक वाक्य सांगितलं, जे त्यांना पाठ होतं.

डेडलाइन, तुमचा बँकवाला आठवला.

दीड तास चाललं. वरून मला विचारणा झाली, की यातून 'आउटपुट' काय? मी म्हटलं, काही नाही. पुढच्या महिन्याची परवानगी अजून मिळालेली नाही.

---

कोपरखळी

नाही मिळणार. पण विचारत राहा.

---

बॅकहँड

साइडलाइन, अट उलटी ठेवायची की. सगळं छापा, पण अख्खं छापा, तुकडा कापायचा नाही.

---

तिसरा पंच

कापल्याशिवाय छापता येत नाही हो. कुठे कापायचं ते ठरवण्याचाच तर आम्हाला पगार मिळायचा. (हो, मीही त्याच धंद्यात होतो. सहा वर्षांपूर्वी सोडला. आता जाहिराती लिहितो, कदाचित त्या घोट्याचासुद्धा मीच लिहिला असेल.)

---

निव्वळ प्रेक्षक

आता कळलं एवढे आकडे तोंडपाठ कसे.

बरं, सगळं वाचलं, पण त्या पोराच्या घोट्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगतच नाही.

---

डेडलाइन

निम्मा मोसम बाहेर. काल संध्याकाळी जाहीर झालं.

मलाही रीलवरच कळलं.